भाऊंच्या खेळातली विद्या

भाऊंच्या घरात एक दार होतं, ते कुठंच उघडत नव्हतं. खाणीच्या कॉलनीतली जुनी क्वार्टर्स पाडली तेव्हा त्यांनी ते मागून आणलं आणि ओसरीच्या भिंतीला टेकवून ठेवलं. त्याला काळा रंग दिला. त्यावर ते खडूनं आपल्या खेळाचे नियम लिहीत, आणि नियम मनातून उतरला की ओल्या फडक्यानं पुसून टाकत. तुम्ही सरळ कागदावर का लिहीत नाही, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "मॅडम, शाईनं लिहिलेल्या नियमाले माज येते. मंग तो बदलतच नाई." मी गणित शिकवते. शाईनं लिहिलेल्या नियमांवरच माझं पोट चालतं. पण भाऊंशी वाद घालण्यात अर्थ नसे, कारण ते तुमचं सगळं नीट ऐकून घेत आणि मग भलत्याच विषयावर बोलू लागत.

मी राजुऱ्याला ज्युनियर कॉलेजात लागले तेव्हा खोली शोधत त्यांच्याकडे गेले होते. घरमालक नव्या भाडेकरूला जे विचारतात, म्हणजे जात कोणती, खाणं कसं, लग्न कधी, त्यातलं त्यांनी काही विचारलं नाही. "गणिताच्या हायेत काय? मंग सांगा बरं, दोन फासे टाकले तं सात जास्त वेळा पडते का बारा?" मी म्हटलं सात. का ते त्यांनी विचारलं, मी पायरीवर बसून समजावलं, आणि ते आत ओरडले, "अवो, वरची खोली झाडून घ्या, मॅडम राह्यले आल्या." भाड्याचं बोलणं त्यांच्या बायकोनंच नंतर केलं. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणे म्हणून मीही भाऊ म्हणू लागले, आणि त्यांच्या बायकोला मात्र काकू. हे नातं कसं जुळतं ते कुणी विचारलं नाही.

भाऊ खाणीच्या सर्व्हे ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर त्यांनी जमिनीखालचे नकाशे काढले. कुठली गॅलरी, म्हणजे कोळसा काढून झालेला बोगदा, कुठवर गेली, कुठं पाणी आहे, कुठलं छत कच्चं आहे, हे सगळं. निवृत्त झाल्यावर लोक शेती बघतात, देवळाच्या कमिटीवर जातात, नाहीतर सकाळी चालायला जातात आणि ते सगळ्यांना सांगतात. भाऊंचा मुलगा हैदराबादला नोकरीला. त्यानं एकदा सुटीत मोबाइलवर दाखवलं, की जगात लोक टेबलावर बोटाएवढ्या बाहुल्या मांडून लढाया खेळतात, आणि त्यात भुताखेतांच्या, परग्रहांच्या, अशा कितीतरी तऱ्हा असतात. बाहुल्या फार महाग होत्या. भाऊ म्हणाले, "हे तं घरीच बनते." मुलगा हैदराबादला परत गेला आणि मोकळा झाला. काकू मात्र सापडल्या.

नळ गळला की जी दोन रंगांची लांबी मळून लावतात, तिच्या ते बाहुल्या करत. आत सांगाडा सुरुंगाच्या वायरीचा. आमच्याकडे बायका त्या लाल-पिवळ्या वायरींच्या टोपल्या विणतात, भाऊ त्यांची माणसं करत. उभं राहायला खाली सोडावॉटरच्या बाटलीचं बूच. रंग म्हणजे काकूंचं नेलपॉलिश. काकूंना बहिणीच्या मुलीच्या लग्नात नखं रंगवायची होती तेव्हा कळलं, की त्यांची बाटली एका मुकादमाच्या हेल्मेटवर संपली आहे. त्या मला म्हणाल्या, "मह्या नखाले नाई पण याह्यच्या मुकादमाच्या डोक्याले लाली पाह्यजे." पण बोलताना तो मुकादम त्यांनी हातात घेतला होता आणि डोळ्यांजवळ नेऊन बघतही होत्या. मीही बघितला. त्याच्या मिशा होत्या, आणि एक पाय किंचित आखडलेला होता.

पट होता ट्रेसिंगच्या कापडावर काढलेला खाणीचा नकाशा. असलेली खाण नव्हे, त्यांच्या मनातली. गॅलऱ्या, वळणं, वर जायला एकच वाट. दोन खेळणाऱ्यांच्या दोन टोळ्या खाली अडकलेल्या, जी टोळी आधी वर येईल तिचा डाव. आणि नकाशाच्या खालच्या अंगाला एक कोरा भाग सोडलेला. तिथं जे होतं त्याला भाऊ ‘खालचं’ म्हणत. ते ज्या बाहुलीपाशी पोचेल ती बाहुली गेली. त्याची बाहुली त्यांनी केली नाही. त्याच्या जागी कोळशाच्या थरात सापडलेला एक दगड ठेवत, त्यावर कुठल्याशा पुरातन झाडाच्या पानाचा ठसा होता. पान अगदी स्पष्ट, शिरांसकट. "हे पान पडलं ना मॅडम," ते दगडावरून बोट फिरवत म्हणत, "तवा पाह्यले कोनीच नोतं. मानूस नाई, वाघ नाई, देव बी नाई. तरी पडलंच."

मला आधी वाटलं, हा भुताचा खेळ आहे. तसं म्हटल्यावर भाऊ दुखावलेच. "भूत म्हंजे घरचाच मानूस हो मॅडम. त्याले काईतरी पाह्यजे असते. कोंबडं, नारळ, लिंबू. देल्लं का गेलं. मह्या खेळात जे हाये ना, त्याले आपल्यापासून काईच नको. आपन हावो का नाई, हे बी त्याले मालूम नाई. ते फक्त सरकते." मग त्यांनी तो दगड एक वीत पुढं सरकवला. बाहेर मे महिन्याचं ऊन, कुलर घरघरतोय, काकू आत कैरी चिरतायत, आणि माझ्या अंगावर काटा आला. मला खरंच कुतूहल वाटू लागलं. त्यानंतर रविवारी दुपारी मी पेपर तपासायचे सोडून खाली जाऊन बसू लागले.

खेळ सगळा बसला होता, फक्त विद्या बसत नव्हती. जादूला भाऊ विद्या म्हणत. जादू म्हणजे पत्ते आणि कबुतरं, असं त्यांचं मत होतं. टोळीतला एक जण जाणता असे. त्याला विद्या करता येई. बंद गॅलरी उघडणं, शेजारच्याचा दिवा विझवणं, खालच्याला दुसऱ्या टोळीकडे वळवणं. पण विद्येची किंमत काय ठेवायची? यावर भाऊ किती महिने अडले होते देव जाणे. फुकट ठेवली तर जो तो विद्याच करत सुटणार. फार महाग ठेवली तर कुणी करणार नाही. शिवाय भीती वाटली पाहिजे. "किंमत अशी पाह्यजे का देताना हात मागं आला पाह्यजे," असं ते म्हणत.

आणि हात मागं घ्यायचं नावच नसलेला एक माणूस त्यांच्यासमोर दर रविवारी बसत होता. त्यांना सगळे ड्रायव्हरसाहेब म्हणत. एसटीत आयुष्य गेलं, तेही अहेरी-सिरोंच्याच्या जंगलातल्या रस्त्यांवर. भाऊंचे लहानपणापासूनचे मित्र. भाऊ जेवढे तोलून बोलत तेवढे हे सैल. तोंडात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा घोटलेला चुरा, असला तरी बोलत, नसला तर जास्तच. फासा टाकताना बोलत, भाऊंची पाळी असली की अधिकच बोलत. बाहुल्यांना त्यांनी नावं ठेवली होती आणि त्या मेल्या की त्यांच्या घरच्यांची विचारपूस करत. खेळात मात्र जिंकायचे. बेधडक विद्या करत, आणि भाऊंचे एकेक नियम मोडीत निघत.

पहिल्या नियमात विद्येला फाशावर सहा पडावा लागे. ड्रायव्हरसाहेब प्रत्येक पाळीला फासा टाकायचे. मी हिशेब करून सांगितलं, की भाऊ, जो प्रयत्न करतो त्याचं काहीच जात नसेल तर शहाणा माणूस प्रयत्न करतच राहणार. भाऊंनी दार पुसलं. मग त्यांनी वाटीत तुरीचे दाणे ठेवले. दाणा म्हणजे डोकं ठिकाणावर असणं. विद्या केली की एक दाणा जाणार, वाटी रिकामी झाली की जाणता वेडा. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "वेडा तं वेडा बे, आमच्या डेपोत लय होते." आणि दाणे उधळून मोकळे. शिवाय काकूंनी वाटी वरणासाठी उचलली आणि एक डाव अर्ध्यातच सुटला. मग भाऊंनी शरीराची किंमत लावली. विद्या केली की एक डोळा मिटून खेळायचं, दुसरी केली की एक हात मागं. त्या दिवशी ते दोन म्हातारे एक-एक डोळा मिटून समोरासमोर बसलेले पाहून शेजारच्या बायका हसून हसून गेल्या. भीतीचा मागमूस नव्हता. भाऊंनी दार पुसलं ते इतक्या रागानं, की रंगाचा पोपडा निघाला.

नियम सुचला तो ड्रायव्हरसाहेबांच्याच बडबडीतून. ते जंगलातल्या गाडीची गोष्ट सांगत होते. संध्याकाळची गाडी, रस्त्यात टायर बसलेलं, प्रवासी खाली उतरून उभे. "बाया-मानसं सारे बोलून राह्यले होते, पन त्याचं नाव कोनी घेत नोतं. तुले मालूम हाये ना, जंगलात असताना त्याचं नाव घेत नाईत. कोनी बुवा म्हनते, कोनी जनावर. नाव घेतलं का त्याले आयकू जाते. एक शहरातला साहेब होता गाडीत, तो म्हने, इथं वाघ आहेत का हो? साऱ्या बाया त्याच्याकडं अशा पाह्यल्या ना, का तो चुपचाप गाडीत जाऊन बसला!" ते हसले. भाऊ हसले नाहीत. ते उठले, दारापाशी गेले, आणि खडू हातात घेऊन नुसते उभे राहिले. मग लिहिलं: विद्येची किंमत शब्द.

नियम असा. विद्या करायची असेल तर समोरचा तुमच्याकडून एक शब्द मागणार. तो तुम्ही एकदा मोठ्यानं उच्चारून देऊन टाकायचा. त्यानंतर तो तुमचा नाही. चुकून तोंडातून निघाला तर खालच्याला ऐकू जातं, आणि ते तुमच्याकडे एक वीत सरकतं. शब्द जितका रोजच्या वापरातला, तितकी विद्या मोठी.

पहिल्याच डावात ड्रायव्हरसाहेबांनी हसत ‘चहा’ दिला, ‘बस’ दिला. ‘बस’ त्यांना महागात पडला, कारण त्यांची अर्धी आठवण त्या शब्दावर उभी होती. दगड सरकत सरकत त्यांच्या टोळीजवळ आला. त्यांना मोठी विद्या हवी होती. भाऊंनी शांतपणे मागितला, "मी." ड्रायव्हरसाहेबांनी तोही दिला. पुढे ते बोलू लागले ते असं: "या मानसाची पाळी हाये. हा मानूस आता उजव्या गल्लीत जाते." थोड्या वेळानं त्यांचं हसणं थांबलं. काकू पाणी घेऊन आल्या होत्या, त्या भांडं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "बंद करा जी हे," त्या म्हणाल्या. भाऊंचा चेहरा मात्र उजळला होता. ड्रायव्हरसाहेबांचा हात पहिल्यांदाच विद्येपासून मागं आला होता.

त्यांचा एक खेळाडूपणा मला फार आवडे. दिला म्हणजे दिला. डाव संपला तरी भाऊ शब्द परत करत नसत, आणि हे गृहस्थही तो परत उचलत नसत. गावात टपरीवर जाऊन ‘ते गरम’ मागायचे. एसटी स्टँडवर बसून जुन्या कंडक्टरशी बोलताना ‘लाल गाडी’ म्हणायचे. लोकांना त्याचा छंद लागला. मुद्दाम आडवे-तिडवे प्रश्न विचारून त्यांना तो शब्द बोलायला लावायचे, आणि ते गालातल्या गालात खर्रा फिरवत निसटायचे. आठवड्याला एखाद-दुसरा शब्द जात होता. मी भाऊंना म्हटलं, "अहो, परत करायचा काहीतरी नियम ठेवा. गणितातसुद्धा हातचा घेतलेला कुठंतरी मिळवावा लागतो." भाऊ म्हणाले, "खालच्यापाशी परत-बिरत काई नसते मॅडम. परत देनारा म्हंजे तो देव झाला. मंग भेवाचं काय राह्यलं?" मी म्हटलं, तुम्ही निष्ठुर आहात. ते म्हणाले, "मी नाई. नियम."

पावसाळा संपत आला तेव्हाची गोष्ट. एका रविवारी भाऊंनी ड्रायव्हरसाहेबांकडून ‘उद्या’ हा शब्द मागून घेतला. त्याच आठवड्यात एका सकाळी ड्रायव्हरसाहेब अंगणात तोंड धुता धुता पडले. चंद्रपूरला नेलं, तिथून नागपूरला. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. पूर्ण नाही. ‘जमते’ एवढा एकच शब्द उरला. पाणी हवं तरी जमते, दुखतंय तरी जमते, चिडले तरी जमते.

भाऊ दवाखान्यात एकदाच गेले. परत आले आणि दार पुसून काढलं, भिंतीकडे तोंड करून उलटं ठेवलं. बाहुल्या एका पिशवीत भरून माळ्यावर टाकल्या. माझ्याशी फाशांबद्दल बोलणं बंद झालं. मित्र घरी आला, बाजेवर उठून बसू लागला, तरी भाऊ तिकडं फिरकले नाहीत. त्यांच्या मनात काय होतं ते ते बोलले नाहीत, पण घरात सगळ्यांना दिसत होतं. ज्याचे शब्द एकेक करून मागून घेतले, त्याचे सगळेच गेले. मी त्यांना सांगितलं, की दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. हे मी वर्गात दर वर्षी सांगते. भाऊंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टाकीत पानी चढवलं काय आज?"

शेवटी ड्रायव्हरसाहेबांची बायको आली. दुपारची वेळ, भाऊ ओसरीवरच होते. ती बसलीही नाही. "भाऊजी, तुमी काऊन येऊन नाई राह्यले? रविवार आला का ते रस्त्याकडं पाह्यत बसतेत." भाऊ खाली मान घालून म्हणाले, "वयनी, मह्या खेळानं..." तिनं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "डॉक्टर म्हनते बीपी. डॉक्टर म्हनते खर्रा. तुमी म्हनता खेळ. डॉक्टरपक्षा मोठे झाले काय तुमी?" काकू आतून म्हणाल्या, "विचारा, विचारा त्यायले."

भाऊंनी मान वर केली. मग जे बोलले ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. "वयनी, मी येईन. पन खेळू कसा? विद्येची किंमत शब्द हाये. त्याच्यापाशी द्याले शब्दच नाई. बिनविद्येचा खेळू काय त्याच्यासंग? लहान लेकरू असल्यावानी? मुद्दाम हरू काय? तो वळखीन. दुसऱ्या दिवशीपासून मह्याकडं पाह्यनार नाई." ड्रायव्हरसाहेबांची बायको जरा शांत झाली. म्हणाली, "मंग नियम बदला. ते तं तुमाले येते." आणि निघून गेली.

दार पुन्हा सुलटं झालं. मी कॉलेजातून आले की खाली बसायचे आणि आम्ही किंमत शोधायचो. मी म्हटलं, विद्या केली की एक पाळी सोडायची. भाऊ म्हणाले, हे तर बँकेतल्या रांगेसारखं झालं, यात भीती कुठाय. मी म्हटलं, एक बाहुली द्यायची. ते म्हणाले, ते बुद्धिबळ. काकूंनी सुचवलं, विद्याच काढून टाका. भाऊंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या स्वतःच हसल्या. एकदा तर आम्ही भांडलो. मी म्हटलं, एक आजारी माणूस आहे, त्याच्याबरोबर दोन घटका बसायचंय, एवढा काथ्याकूट कशाला? भाऊ म्हणाले, "मॅडम, सारे त्याच्यासंग आजारी मानसासारखेच बसून राह्यले. तेच तं मले नाई कराचं."

आणि मग एका दुपारी, मी पेपर तपासत होते, ते तो पानाचा दगड हातात घेऊन बसले होते. एकदम म्हणाले, "मॅडम, खालच्याले आपली पडलीच नाई ना?" मी म्हटलं, तुम्हीच तर सांगता. "त्याले आपल्यापासून काई नको. मंग आपले जे शब्द त्याच्यापाशी पडून हायेत, ते तरी त्याले कायले पाह्यजे? आपन काढून आनले तं त्याले मालूम बी नाई पडनार!" ते उठले. इतके दिवस निष्ठुरपणा म्हणून जे मला टोचत होतं, त्यातूनच त्यांनी वाट काढली होती. खडूनं लिहिलं: विद्या म्हंजे एक शब्द वर आनने. जो तोंडातून निंगत नाई तोच. निंगाला तं विद्या लागली. नाई निंगाला तं खालचं एक वीत पुढं.

मी मास्तरीण. मी लगेच खोट काढली. "पण भाऊ, तुमचं काय? तुम्हाला सगळे शब्द येतात. तुमची विद्या फुकटच झाली की." भाऊ म्हणाले, "मी बी जो निंगत नाई तोच काढीन." मी विचारलं, तुमच्या तोंडातून कोणता शब्द निघत नाही? त्यांनी खडू ठेवून दिला. काकू सुपातले तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "लय हायेत, पोरी. लगनाले इतके वर्सं झाले, मले मालूम हाये."

रविवारी आम्ही सगळे ड्रायव्हरसाहेबांकडे गेलो. पट त्यांच्या बाजेसमोर स्टुलावर मांडला. ते वाळले होते, दाढी वाढली होती, पण बाहुल्या पाहून डोळे चमकले. भाऊंनी कसे आहात, काय आहात, काही विचारलं नाही. नवा नियम वाचून दाखवल्यासारखा सांगितला आणि म्हणाले, "समजला काय बे?" ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "जमते."

फासा त्यांनी डाव्या हातानं स्वतःच टाकला. दोन-तीन पाळ्या झाल्या आणि त्यांनी जाणत्यावर बोट ठेवलं. विद्या करायची होती. ओठ जुळवले. "पा... पा..." घाम आला. बायको पदर तोंडाला लावून बघत होती. "पा... पाह्..." आणि थांबले. भाऊंनी थोडी वाट पाहिली आणि म्हणाले, "नाई लागली." दगड उचलला आणि ड्रायव्हरसाहेबांच्या टोळीकडे एक वीत सरकवला. त्यांची बायको भाऊंकडे अशी बघत होती की मला वाटलं आता पटच उधळते. पण ड्रायव्हरसाहेब हसत होते. वाकड्या तोंडानं, पण पोटातून. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचा डाव मोजून घेतला होता.

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा गेला. पण विद्येशिवायही त्यांचा फासा चांगला पडत होता, आणि भाऊंची टोळी एका बंद गॅलरीत कोंडली गेली. भाऊंची एकच बाहुली उरली, तोच लाल हेल्मेटचा मुकादम, आणि तोच त्यांच्या टोळीतला जाणता. बाहेर पडायचं तर विद्याच हवी होती. त्यांनी आपल्या जाणत्यावर बोट ठेवलं.

आणि शब्द निघेना. बराच वेळ. मला वाटलं, काहीतरी अवघड संस्कृत शब्द काढतील. भाऊ पटाकडे बघत होते. त्यांचा खालचा ओठ हलत होता आणि आवाज येत नव्हता, अगदी समोरच्या माणसासारखाच. काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या, त्यांनी माझा हात धरला.

"भेव," भाऊ म्हणाले. मग मान वर करून मित्राकडे पाहिलं. "मले लय भेव वाटला बे. तू जाशीन म्हून."

ज्या माणसानं वर्षभर बसून दुसऱ्यांना भीती वाटावी असा खेळ रचला, त्याच्या तोंडून हा शब्द मी एकदाही ऐकला नव्हता. काकूंनीही ऐकला नसावा, कारण त्या रडत होत्या. ड्रायव्हरसाहेबांनी डाव्या हातानं पटावर दोनदा थाप मारली. लागली, असा त्याचा अर्थ. गॅलरी उघडली. मुकादम बाहेर पडायच्या वाटेच्या तोंडाशी आला. आता एक पाळी मिळाली की डाव भाऊंचा होता.

भाऊंनी घाईघाईनं चष्मा पुसला आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "हा खेळातला शब्द होता हं. नियम हाये म्हून बोललो."

"हो हो," काकू म्हणाल्या, "खेळातलाच."

ड्रायव्हरसाहेबांनी आपल्या जाणत्यावर बोट ठेवलं. ते भाऊंकडे एकटक बघत होते. ओठ वाकडे झाले, गळ्याची शीर ताठली, मान पुढं आली. "ल..." ते म्हणाले. "ल... लबाड."

शब्द स्वच्छ होता. त्यांची बायको जागच्या जागी खाली बसली. विद्या लागली, खालचं भाऊंच्या टोळीकडे वळलं. भाऊंनी नियमाप्रमाणे दगड उचलून आपल्या मुकादमासमोर ठेवला. वाट बंद झाली. त्यांनी मुकादम पटावरून काढून घेतला, आणि डाव ड्रायव्हरसाहेबांचा झाला.